सहीची सनद

कंपनीच्या छापील वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या खाली जी एक लहानशी सही असते, तिच्याकडे भागधारक सहसा लक्ष देत नाही. लाभांशाचा आकडा पाहिला की त्याचे अहवाल वाचणे संपते. परंतु त्या पानावरील आकड्यांना बाजारात जी पत मिळते ती या सहीमुळे मिळते, आणि सहीला वजन कशाने येते असे विचारू गेल्यास सही करणाऱ्याच्या विद्वत्तेपाशी किंवा सचोटीपाशी थांबता येत नाही, तर ही सही करण्याचा अधिकार त्याला कोणी आणि कोणत्या कसोटीवर दिला, या प्रश्नापर्यंत मागे जावे लागते. हिंदुस्थानात हा अधिकार देणारा हात प्रथम प्रांतिक सरकारचा होता, पुढे मध्यवर्ती सरकारचा झाला आणि अखेरीस खुद्द व्यावसायिकांनी चालविलेल्या संस्थेचा झाला. या इतिहासाचे कथन बहुधा 1949 सालच्या कायद्यापासून सुरू होते. माझे मत असे आहे की खरे वळण त्याच्या एकतीस वर्षे आधी, मुंबईत, एका सरकारी पदविकेच्या रूपाने पडले, आणि त्या पदविकेचे श्रेय आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

एकाने खर्च करावा आणि दुसऱ्याने तो तपासावा, ही कल्पना आपल्याकडे कंपनी कायद्याने आणली असे मात्र नव्हे. पेशवाईत मामलेदाराच्या जोडीला दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, चिटणीस असे जे दरकदार असत, त्यांच्या नेमणुकीचे मर्म फार विचार करण्यासारखे आहे. मुजुमदाराने कागद आणि हिशेब पाहून त्यावर आपले चिन्ह करावे, फडणिसाने त्यावर तारीख घालावी व रोजकीर्द लिहावी, पोतनिसाने खजिन्याची जमा व शिल्लक सांभाळावी, पोतदाराने नाण्याची पारख करावी, अशी कामांची वाटणी होती, आणि या मंडळींना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता, कारण त्यांची नेमणूक हुजुरातून होत असे. जिल्ह्यात गैर गोष्ट घडली तर ती वर कळविणे हे त्यांचे कर्तव्यच मानले जाई. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या मर्जीवर तपासणाऱ्याचे पोट अवलंबून असू नये, हे तत्त्व पुण्याच्या कारभाऱ्यांना पूर्ण उमगले होते, असे या व्यवस्थेवरून स्पष्ट दिसते. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले हिशेब पुण्याच्या एकबेरीज दफ्तरात जमत, तेथे त्यांची वर्गवारी होई आणि एका सालाचा दुसऱ्या सालाशी मेळ घालता येई. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामले मक्त्याने देण्याचा प्रघात पडला तेव्हा हा सगळा बंदोबस्त निरर्थक झाला. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की त्याने रयतेकडून काय घेतले हे विचारण्याची कोणाला गरजच उरली नाही.

इंग्रजी अमलात हिशेबतपासणीचा प्रश्न वेगळ्याच दाराने आला. 1857 च्या कंपनी कायद्याने परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांचे भांडवल एकत्र करण्याची वाट मोकळी केली, आणि 1864-65 च्या कापसाच्या तेजीत मुंबई शहराने त्या वाटेवर जी धाव घेतली तिचा शेवट सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, बॅक बे भरावाच्या कंपनीचे भाग मातीमोल झाले आणि सरकारचा हात पाठीशी असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्या तडाख्यातून सावरली नाही. इतके होऊनही 1866 च्या आणि त्यानंतर 1882 च्या कायद्यात हिशेबतपासणीची कलमे प्रामुख्याने जोडपत्रातील नमुना-नियमांपुरती राहिली. कंपनीने स्वतःचे वेगळे नियम केले की ती कलमे बाजूला सारता येत. तपासनीस कोण असावा, त्याला जमाखर्चाचे कितपत ज्ञान असावे, याविषयी कायदा मौन पाळून होता. भागधारकांपैकीच एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने वर्षातून एकदा कंपनीच्या कचेरीत जावे, वह्या चाळाव्या आणि सही करावी, याला कायद्याचा अटकाव नव्हता. कापडगिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हाती एकवटलेला असताना अशा तपासणीतून काय निष्पन्न होणार, हे सांगावयास नको.

या स्थितीत बदल केला तो 1913 च्या सातव्या कायद्याने. तो अमलात आला 1 एप्रिल 1914 रोजी, आणि कायदा मंजूर होऊन अमलात येईपर्यंतच्या महिन्यांतच मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली, लाहोरची पीपल्स बँक बंद पडली आणि एकामागून एक पेढ्यांची दारे लागू लागली. कायदा या आपत्तीच्या आधी तयार झाला असला तरी त्याची गरज किती होती याचा दाखला असा हातोहात मिळाला. त्याच्या 144 व्या कलमाने प्रथमच असे ठरविले की खाजगी कंपन्या वगळता इतर कोणत्याही कंपनीचा हिशेब तपासणाऱ्याजवळ प्रांतिक सरकारचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे. मात्र ज्या संस्थांना सरकार राजपत्रात अधिसूचना काढून मान्यता देईल त्यांच्या सभासदांना या प्रमाणपत्राची आवश्यकता राहणार नाही.

या अपवादात केवढा भेद भरला होता, हे त्या काळच्या हिंदी तरुणाच्या जागी उभे राहून पाहिल्याखेरीज कळत नाही. मान्यता मिळालेल्या संस्था विलायतेच्या होत्या. एडिंबरोच्या लेखापालांना 1854 साली राणीची सनद मिळाली होती, इंग्लंड व वेल्सच्या संस्थेला 1880 साली. त्यांचे सभासद जहाजातून मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या बंदरात उतरले की कोणापुढेही अर्ज न करता देशातील कोणत्याही कंपनीचा ताळेबंद तपासू शकत. या संस्थांची दारे हिंदी माणसाला बंद होती असे नाही, पण त्या दारापर्यंत पोचण्यासाठी विलायतेचा प्रवास, तेथील पाच वर्षांची उमेदवारी आणि उमेदवारीत घेणाऱ्या पेढीला द्यावयाची मोठी रक्कम एवढे सगळे लागे. एखाद्या श्रीमंत पारशी किंवा भाटिया घराण्याला ते झेपत असेल. पुण्या-सातार्‍याच्या कारकुनाच्या मुलाला ते स्वप्नातही शक्य नव्हते.

त्याच्यासाठी उरत असे ते प्रांतिक सरकारचे मर्यादित प्रमाणपत्र. या कागदाविषयी मला विशेष आस्था वाटते, कारण त्यात मर्यादा जशी होती तशी एक समजही होती. ज्या प्रांताने ते दिले त्या प्रांताच्या बाहेर त्याचा उपयोग नसे, आणि कोणत्या भाषेतील हिशेब तपासता येतील हेही त्यात नमूद केलेले असे. मुंबई इलाख्यात त्या वेळी हिशेबाच्या वह्यांचे किती प्रकार नांदत होते हे ध्यानात घेतले म्हणजे या अटीचे कारण उमगते. साहेबी कंपन्यांच्या कचेऱ्यांत जाड पुठ्ठ्याची इंग्रजी लेजरे असत. गुजराती पेढीवर लाल कापडाच्या बांधणीचे लांबट चोपडे असत. देशावरच्या मराठी सावकाराची कीर्द आणि खतावणी मोडी अक्षरात, शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली झरझर लिहिलेली असे. पाव, अर्धा, पाऊण दाखविणाऱ्या उभ्या-आडव्या रेघा ज्याला वाचता येत नाहीत, त्याने कितीही मोठी परीक्षा दिलेली असली तरी त्या वहीपुढे तो निरक्षरच. सरकारने भाषेची अट घातली ती या व्यावहारिक जाणिवेतून, असे मानावयास हरकत नाही. तथापि त्या अटीचा परिणाम असा झाला की विलायतेहून आलेला, ज्याला देशी वहीचे एक अक्षर लागत नसे, तो सर्वत्र अधिकारी ठरला, आणि ज्याला ती वही वाचता येत होती तो आपल्या प्रांताच्या वेशीशी अडला. दोन दर्जे निर्माण झाले, आणि दर्जा ठरला तो माणसाला काय येते यापेक्षा त्याने ते कोठे शिकले यावरून.

हा भेद तोडण्याचा पहिला परिणामकारक प्रयत्न मुंबईत व्हावा, याला कारणे होती. वाणिज्यशिक्षणाची जमीन येथे आधीच नांगरलेली होती. सोहराब दावर यांनी 1900 साली आपले वाणिज्य विद्यालय काढले होते, के. एस. अय्यर यांच्यासारखे लेखापाल त्याही आधीपासून शहरात व्यवसाय करीत होते आणि हा विषय महाविद्यालयात शिकविण्याजोगा आहे असा आग्रह धरीत होते. या खटाटोपाचे फळ म्हणून ऑक्टोबर 1913 मध्ये, म्हणजे नवा कंपनी कायदा झाला त्याच वर्षी, सिडनहॅम महाविद्यालय उघडले आणि मुंबई विद्यापीठात वाणिज्याची पदवी सुरू झाली. शिक्षण होते, गिरण्या आणि बँका होत्या, तपासनिसांची कायद्याने निर्माण केलेली मागणी होती. नव्हती ती फक्त मान्यतेची साखळी. ती 1918 साली जोडली गेली. मुंबई सरकारने अकौंटन्सी डिप्लोमा बोर्ड नेमून ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी’ ही पदविका सुरू केली. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावी, ठरलेली परीक्षा उतरावी, आणि जो उतरेल त्याला अमर्यादित प्रमाणपत्र मिळावे, म्हणजे सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात हिशेब तपासण्याचा अधिकार मिळावा, अशी तिची योजना होती. दोनच वर्षांनी, 1920 मध्ये, मर्यादित प्रमाणपत्रे नव्याने देण्याचे बंद झाले.

जी. डी. ए. ही तीन अक्षरे आज कोणाच्या नावापुढे दिसत नाहीत, पण एका पिढीच्या मध्यमवर्गीय घरांतून त्यांनी जो मार्ग उघडला त्याची तुलना वकिलीच्या सनदेशीच करता येईल. समुद्र न ओलांडता, फोर्टमधल्या एखाद्या कचेरीत उमेदवारी करून, हिंदी तरुण इंग्रज लेखापालाच्या बरोबरीने सही करू लागला. ही उमेदवारी मोठी कष्टाची असे. दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने पावत्या एकेक करून मोठ्याने वाचाव्या, दुसऱ्याने वहीतली नोंद शोधून तिच्यापुढे रंगीत पेन्सिलीने खूण करावी. खूण राहून गेली तर बेरीज जुळली तरी काम पुरे झाले असे मानू नये. मालाच्या कोठारात जाऊन गासड्या मोजाव्या, बँकेच्या पासबुकाशी रोखीची शिल्लक ताडून पाहावी, आणि जी पावती सापडत नाही तिचा प्रश्न कागदावर लिहून वरिष्ठापुढे ठेवावा. हे सर्व करीत असताना मोबदला नाममात्र, आणि पुष्कळ ठिकाणी तोही नाही. परंतु या तीन वर्षांत जो संशय घ्यावयास शिकला, आणि घेतलेला संशय सौजन्याने विचारावयास शिकला, तोच पुढे तपासनीस म्हणून टिकला. विलायतेप्रमाणे येथेही परीक्षेला उमेदवारीची जोड देण्याची दूरदृष्टी मुंबईच्या मंडळाची, आणि पुढच्या व्यवस्थांनीही ती उचलली.

या पदविकेची कीर्ती इलाख्याच्या बाहेर लवकर गेली. मद्रासच्या आर. शिवभोगम यांचे उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, आणि तेथून सुटून आल्यावर जमाखर्चासारखा, स्त्रियांनी तोवर मनातही न आणलेला विषय हाती घेऊन 1933 साली त्या जी. डी. ए. झाल्या. या देशातील पहिली स्त्री लेखापाल म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले आहे. ताळेबंद आणि तुरुंग या दोहोंना सारख्याच निश्चयाने सामोरे जाणारी ही बाई आपल्या शालेय पुस्तकांत कोठे भेटत नाही, याची खंत वाटते.

मान्यतेचा अधिकार प्रांतांकडून काढून मध्यवर्ती सरकारकडे नेण्याची दुरुस्ती 1930 मध्ये झाली आणि तदनुसार 1932 चे तपासनीस प्रमाणपत्र नियम लागू झाले. सल्ल्यासाठी इंडियन अकौंटन्सी बोर्ड आले, सरकारी नोंदवही आली, आणि जिचे नाव त्या वहीत चढले ती व्यक्ती रजिस्टर्ड अकाउंटंट, म्हणजे बोली व्यवहारात आर. ए., झाली. सगळ्या देशाला एक परीक्षा आणि एक नोंदवही मिळाली हा लाभ निश्चितच मोठा होता. उणीव एवढीच होती की वही सरकारच्या कपाटात होती. नाव घालणारे सरकार, काढणारे सरकार, आणि बोर्डाचा सल्ला मानावा की न मानावा हे ठरविणारेही सरकारच. लेखापालाने चूक केली तर त्याची चौकशी त्याच्या व्यवसायबंधूंनी करावी की सचिवालयातील एखाद्या खात्याने करावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या सतरा वर्षांत मिळाले नाही.

स्वातंत्र्यानंतर तज्ज्ञांची समिती 1948 मध्ये नेमली गेली ती याच प्रश्नासाठी. व्यवसायाचे नियमन एका स्वायत्त संस्थेने करावे असा तिने निर्वाळा दिला, आणि सनदी लेखापालांचा 1949 चा अडतिसावा कायदा 1 जुलै रोजी अमलात आला. प्रजासत्ताक व्हावयास अद्याप सहा-सात महिन्यांचा अवधी होता. घटना पुरी होण्यापूर्वीच घटनासमितीने, कायदेमंडळ या नात्याने, हे काम उरकले, यावरून त्याची निकड किती मानली गेली हे दिसते. मुंबईचे जी. पी. कापडिया हे या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे पहिले अध्यक्ष. कायद्याच्या चौथ्या कलमाने जुन्या नोंदवहीतील सर्व लेखापालांना सभासदत्वाचा हक्क दिला, आणि एके काळी प्रांताच्या वेशीशी अडलेल्या मर्यादित प्रमाणपत्राच्या धारकांनाही त्यांच्याच पंगतीला बसविले. तीस-पस्तीस वर्षे खालच्या दर्जाने वागविल्या गेलेल्या, वृद्ध होत चाललेल्या त्या तपासनिसांना हा जो न्याय मिळाला, तो मला त्या कायद्यातील सर्वांत उदार भाग वाटतो. एकोणतिसावे कलम परस्परतेचे आहे: जो देश हिंदी नागरिकाला आपल्याकडे हा व्यवसाय करू देत नाही, त्याच्या प्रजाजनालाही येथे तो हक्क राहणार नाही. 1913 च्या कायद्याखाली अधिसूचनेच्या एका ओळीने जो एकतर्फी दरवाजा उघडला गेला होता, त्याला अशा रीतीने दुसऱ्या बाजूनेही कडी बसली.

संस्थानांच्या विलीनीकरणामुळे त्यांच्या स्वतःच्या कायद्यांखाली प्रमाणपत्र मिळालेले काही तपासनीस शिल्लक होते. 1956 च्या कंपनी कायद्याच्या 226 व्या कलमाने त्यांचीही सोय केली. 2013 च्या कायद्याचे 141 वे कलम मात्र कंपनीचा तपासनीस होण्यास सनदी लेखापालालाच पात्र ठरविते. एक शतकापूर्वी सुरू झालेला दर्जांचा प्रवास तेथे संपला. त्याच कायद्याने दुसरीही एक गोष्ट केली. जानेवारी 2009 मध्ये सत्यम कंपनीच्या अध्यक्षाने ताळेबंदातील बँकशिल्लक खोटी असल्याची लेखी कबुली दिली, तेव्हा त्या ताळेबंदाखाली सही होतीच, आणि ती पात्र माणसाची होती. व्यवसायाने स्वतःच्या माणसांची चौकशी स्वतः करावी हा 1949 चा विश्वास त्या दिवशी ढळला. मोठ्या कंपन्यांच्या तपासनिसांवर देखरेख करणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण 2013 च्या कायद्याखाली 1 ऑक्टोबर 2018 रोजी स्थापन झाले, ते त्यामुळे. पदवी देण्याचा अधिकार संस्थेकडे राहिला; शिक्षेच्या अधिकाराचा मोठा वाटा पुन्हा सरकारनियुक्त मंडळाकडे गेला. यात संस्थेचा मान कमी झाला असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. दरकदाराची नेमणूक मामलेदाराने करू नये हे तत्त्व जर मान्य असेल, तर दरकदाराची झडती केवळ दरकदारांनीच घ्यावी हा आग्रह धरता येणार नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाशी या विषयाचा सर्वांत निकटचा संबंध कंपन्यांपेक्षा सहकाराच्या द्वारे येतो. 1904 च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यापासून संस्थेचा हिशेब निबंधकाने वर्षातून एकदा तपासावा किंवा तपासून घ्यावा अशी रीत पडली, आणि 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या 81 व्या कलमातही तिचा धागा राहिला. या कामासाठी राज्याची स्वतःची परीक्षा आहे, ती सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका, ती उतरलेला माणूस अटी पुऱ्या केल्यास प्रमाणित लेखापरीक्षक होऊ शकतो. कंपन्यांच्या क्षेत्रात प्रांतिक मान्यता केव्हाच मागे पडली, सहकारात ती जिवंत आहे, आणि साखर कारखान्यापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत पसरलेल्या या राज्यात तिचे काम लहान नाही. 2013 च्या दुरुस्तीनंतर तपासनिसाची निवड सर्वसाधारण सभेने शासनमान्य नामिकेतून करावयाची आहे. म्हणजे जो अधिकार पेशव्यांच्या हुजुरात होता, मग प्रांतिक सरकारात आणि मग दिल्लीत, त्याचा एक अंश आता आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर भरणाऱ्या सभेत आपल्या हाती आला आहे. त्या सभेत हा ठराव बहुधा शेवटी, चहा येण्याच्या सुमारास, न वाचताच मंजूर होतो. पुढच्या वर्षी हात वर करण्यापूर्वी, ज्याचे नाव सुचविले आहे ते नामिकेत आहे की नाही आणि त्याने मागील वर्षी दाखविलेल्या दोषांची दुरुस्ती समितीने केली की नाही, एवढे दोन प्रश्न सभासदांनी अवश्य विचारावेत.